कराड–पुणे मार्गावरील पिकअपचालकांना फास्टॅगकडे कसे वळवावे?

प्रश्न: कोयनाकाठ (कराड), १२ डिसेंबर २०२५

सर्वांना नमस्कार.

कराड, उंब्रज आणि पाटण या भागांतून रोज संध्याकाळनंतर भाजीपाल्याने भरलेल्या पिकअप आणि लहान टेम्पो पुण्याच्या मार्केट यार्डाकडे रवाना होतात. आमच्या परिसरातील काही शेतकरी आणि गाडीमालक मिळून ही वाहतूक करतात आणि भाडे, डिझेल व टोल यांचा एकत्रित हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. हा हिशेब करताना टोलवर होणारा अनाठायी खर्च सतत खटकतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कराडहून पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन नाके लागतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांच्या सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि चालू टॅग नसलेल्या वाहनाकडून दुप्पट टोल घेण्याचा नियम लागू झाला. तरीही आमच्याकडील बरेच चालक आजही नाक्यावर दुप्पट रोख रक्कम भरून पावती आणतात, किंवा नोव्हेंबर २०२५ मध्ये यूपीआयने भरणाऱ्यांसाठी दुपटीऐवजी सव्वापट टोल झाल्यापासून तसा भरतात.

यांपैकी बहुतेक गाड्यांना टॅग आहे, हे विशेष. कुणाचा टॅग शिल्लक नसल्यामुळे बंद पडला आहे, कुणाची काच दगड लागून फुटली आणि टॅग जुन्या काचेबरोबर गेला, तर काही जणांनी तो काचेला न चिकटवता पुठ्ठ्यावर लावून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे आणि नाका आला की ते तो हाताने काचेजवळ धरतात. यंत्राने टॅग वाचला नाही की मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, नाक्यावरचा मुलगा हातातले यंत्र घेऊन धावत येतो, तेही टॅग वाचत नाही, आणि शेवटी वैतागलेला चालक खिशातून नोटा काढतो.

मी चालकांशी वेळोवेळी बोललो आहे. त्यांना नियम माहीत नाहीत असे मुळीच नाही. रोख दिले की पावती हातात येते आणि विषय तिथेच संपतो, टॅगमधून किती गेले आणि किती उरले हे मात्र आम्हाला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दंडाची भीती घालून उपयोग होत नाही हे मला दिसते आहे. ज्यांनी आपल्या व्यवसायात चालकांना फास्टॅगची सवय लावली आहे, त्यांनी नेमके काय केले ते कृपया सविस्तर सांगावे. उपदेशापेक्षा प्रत्यक्ष उपयोगी पडलेली रीत कळली तर आमचे काम होईल.

उत्तर: बेदाणा वाहतूक (कवठेमहांकाळ), १२ डिसेंबर २०२५

आपल्याकडील टॅग कुणाच्या मोबाईल क्रमांकावर नोंदवलेले आहेत, हे सर्वांत आधी तपासावे. माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

सहसा टॅग मालकाच्या क्रमांकावर असतो. त्यामुळे रक्कम वजा झाल्याचा प्रत्येक संदेश घरी झोपलेल्या मालकाच्या मोबाईलवर जातो आणि रात्री दोन वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या चालकाला शिल्लक किती आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. टॅग चालला तर वाचलेले पैसे मालकाचे. टॅग चालला नाही तर खोळंबा, बोलणी आणि पुष्कळदा पदरची रक्कम चालकाची. अशा परिस्थितीत त्याने रोखीचा रस्ता धरला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही, कारण त्याने आपल्यापुरता बंदोबस्त केलेला असतो.

आमच्या गाड्या सांगली आणि तासगावच्या बाजारातून पंढरपूर व सोलापूरकडे बेदाणा नेतात आणि त्या मार्गावर बोरगाव व अनकढाळ हे नाके लागतात. द्राक्षांच्या हंगामात पुण्या-मुंबईकडे जाताना पेठ नाका या चौकातून महामार्गाला लागले की पुढे आपलेच तीन नाके आहेत. आमच्याकडे एक चालक एकाच गाडीवर कायम असेल, तर टॅगचा मोबाईल क्रमांक त्याचा नोंदवला. जिथे चालक बदलतात तिथे गाडी निघण्यापूर्वी मालकाने शिल्लक रक्कम चालकाला व्हॉट्सॲपवर कळवायची, असा दंडक घातला. शिवाय जमेल तिथे बँक खात्यातून आपोआप भरणा होण्याची सोय करून घेतली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅगचा समावेश ई-मँडेटमध्ये (खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्यासाठी बँकेला दिलेल्या परवानगीत) केला असून, शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की खात्यातून भरणा होतो आणि त्यासाठी चोवीस तास आधी सूचना देण्याची अट राहिलेली नाही. ही सोय नसेल तर निदान दुपारीच भरणा करावा. रांगेत उभे राहून पैसे भरले तरी बंद झालेला टॅग पुन्हा चालू झाल्याची नोंद नाक्याच्या यंत्रणेपर्यंत पोचायला काही वेळ जातो, आणि तेवढ्यात आपली गाडी खिडकीसमोर आलेली असते. “आत्ताच पैसे भरले होते, तरी दुप्पट घेतले” ही जी तक्रार आपण ऐकतो, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

आता एक नाजूक गोष्ट. टोल रोखीने भरायचा असेल तर चालकाला खर्ची, म्हणजे वाटखर्चाची आगाऊ रोख रक्कम, जास्त द्यावी लागते, आणि कधी आतल्या रस्त्याने गाडी काढून, कधी एखादा नाका चुकवून त्या खर्चीतून चार पैसे त्याच्या हाती उरतात. टोल टॅगवर गेला की खर्चीची रक्कम घटते आणि ही वरकमाई संपते. मालक हे उघडपणे बोलत नाहीत आणि चालक तर बोलणारच नाहीत, पण टॅग “बिघडण्याचे” हेही एक कारण असते. आम्ही यावर कुणालाही दोष न देता चालकांबरोबर बसून बोललो आणि प्रत्येक फेरीचा भत्ता वाढवला. टोलमध्ये जी बचत होते तिच्यापुढे ही वाढ किरकोळ होती. त्यानंतर टॅग सांभाळण्यात चालकालाच रस वाटू लागला.

बचत किती, तेही चालकासमोर आकड्यांत मांडावे. समजा एखाद्या नाक्यावर आपल्या गाडीचा एकेरी टोल १०० रुपये आहे. चोवीस तासांच्या आत परत आल्यास जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल लागतो आणि ही सवलत चालू फास्टॅग असणाऱ्यांनाच मिळते, म्हणजे टॅगवर १५० रुपये. यूपीआयने जाताना १२५ आणि येताना १२५, म्हणजे २५०. रोखीने जाताना २०० आणि येताना २००, म्हणजे ४००. आपली पिकअप रात्री निघून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कराडला परत येते, त्यामुळे ती चोवीस तासांत सहज बसते. रोखीत “फक्त दुप्पट” जाते असे जे सर्व जण म्हणतात, ते परतीच्या फेरीचा विचार केला तर अडीच पटींहून अधिक होते, आणि असे नाके तीन आहेत.

उत्तर: कृष्णा घाट (वाई), १३ डिसेंबर २०२५

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु चालकांचा अविश्वास निराधार आहे असे कुणी समजू नये. माझी मोटार घरासमोर उभी असताना एका नाक्यावर तिचा टोल कापल्याचा संदेश मला आला. मी संबंधितांकडे तक्रार केली, तिचा क्रमांकही मिळाला, पण त्यानंतर कितीतरी दिवस कुणी उत्तर दिले नाही. रक्कम लहान होती, म्हणून शेवटी मी पाठपुरावा सोडून दिला. माझ्यासारख्या नोकरदाराला ते परवडते, रोजच्या फेरीवर पोट असणाऱ्या माणसाला परवडत नाही.

त्यातच २०२२ मध्ये गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने टॅगमधून पैसे काढतो अशी एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती. आमच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही ती खरी मानणारे लोक आहेत. टॅगला माझा विरोध नाही, मी स्वतः तो वापरतो. मात्र चालकाला टॅग घे म्हणण्याआधी चुकीचे पैसे कापले गेल्यास कुठे जायचे आणि ते परत मिळेपर्यंत त्याच्या बाजूने कोण उभे राहणार, हे त्याला सांगितले पाहिजे. ते सांगणारा कुणी नसेल तर तो रोख पावतीच पसंत करील आणि त्यात मला त्याची चूक दिसत नाही.

उत्तर: निवृत्त बँक कर्मचारी (सातारा), १३ डिसेंबर २०२५

वाईच्या सदस्यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. सेवेत असताना काउंटरवर फास्टॅगचे काम मी पाहिलेले आहे आणि लोकांना टॅगपेक्षा त्यामागची यंत्रणा न दिसण्याचे भय अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

आधी चित्रफितीविषयी. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते आणि पैसेही नसतात. नाक्यावर मार्गिकेच्या वर बसवलेल्या यंत्राकडून येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर तो क्षणभर जागा होतो आणि आपला ओळख क्रमांक तेवढा परत पाठवतो. हा क्रमांक राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यंत्रणेमार्फत टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो आणि बँक टॅगधारकाच्या खात्यातून नाक्याच्या बँकेला रक्कम देते. या यंत्रणेत व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैसे जाण्याची सोयच नाही. नोंदणी झालेला नाका किंवा तशीच नोंदणीकृत संस्था असल्याशिवाय रक्कम वजा होत नाही, आणि ती चित्रफीत खोटी असल्याचे निगमाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. हे चालकांना शांतपणे समजावून सांगितले तर पटते, असा माझा अनुभव आहे.

आता चुकीच्या वजावटीविषयी. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडेच करावी, कारण आपले खाते तिच्याकडे आहे. महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, पण बँकेकडील तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवणे आवश्यक आहे. संदेशातील नाक्याचे नाव, तारीख, वेळ आणि रक्कम द्यावी, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा काही पुरावा असेल तर तो जोडावा. पिकअपवाल्यांकडे बाजार समितीची आवक पावती किंवा डिझेलची पावती असते, ती यासाठी उत्तम. उभ्या गाडीचा टोल कापला जाण्याचे एक कारण असे की, नाक्यावर टॅग वाचला गेला नाही की काही वेळा कर्मचारी गाडीचा क्रमांक हाताने टाकतो आणि त्यात एखादा आकडा चुकतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने अशा चुकीच्या वजावटीबद्दल नाकाचालकांना प्रत्येक प्रकरणी किमान एक लाख रुपयांचा दंड लावण्याचे धोरण घेतलेले आहे, त्यामुळे तक्रार लहान रकमेची असली तरी ती सोडू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. वाईच्या सदस्यांनी पाठपुरावा सोडला याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण हा शेवटचा दरवाजा पुष्कळांना माहीतच नसतो.

आणखी एक हक्क फारच कमी चालकांना ठाऊक आहे. टॅग चालू आहे, त्यात पुरेशी शिल्लक आहे आणि तरीही नाक्याचे यंत्र बिघडल्यामुळे टोल वजा होत नाही, अशा वेळी गाडी कोणतेही पैसे न घेता सोडली पाहिजे आणि शून्य रकमेची पावती दिली पाहिजे, असा नियम मे २०१८ पासून आहे. हा नियम छापून गाडीत ठेवावा. अर्थात, टॅग हातात धरलेला असेल तर हा हक्क सांगता येणार नाही. काचेला न चिकटवलेल्या टॅगची माहिती नाक्याने कळवावी आणि तो काळ्या यादीत टाकावा, असे प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ठरवले आहे. म्हणून पुठ्ठ्यावरचे टॅग आजच काढून टाकण्यास आपल्या चालकांना सांगावे. तसेच, दुसऱ्या गाडीचा किंवा मोटारीसाठी घेतलेला टॅग पिकअपला लावून चालत नाही. टॅगचा वर्ग गाडीच्या वर्गाशी जुळत नसेल तर फरकाची रक्कम नंतर वसूल होते आणि टॅगही बंद होऊ शकतो.

सवलतींकडेही लक्ष वेधतो. ज्याची सर्वत्र चर्चा आहे तो वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांना सुरू झाला, पण तो फक्त खासगी वापराच्या मोटार, जीप व व्हॅनसाठी आहे आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. आपल्या पिकअपला तो मिळणार नाही, हे चालकांना आधीच सांगून टाकावे, नाहीतर अपेक्षाभंग होतो आणि सगळ्या योजनेवरचाच विश्वास उडतो. व्यावसायिक गाड्यांसाठी मासिक पास असतो, ज्यात महिन्याच्या ५० एकेरी फेऱ्यांचा दर सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. रोज जाऊन येणाऱ्या गाडीला तो परतीच्या सवलतीपेक्षा स्वस्त पडतो का, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडावा. त्याखेरीज नाका ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात नोंदणी झालेल्या, राष्ट्रीय परवाना नसलेल्या व्यावसायिक वाहनांसाठी दरफलकावर वेगळा, कमी दराचा रकाना असतो. एमएच ११ (सातारा) आणि एमएच ५० (कराड) च्या गाड्यांच्या मालकांनी तासवडे आणि आनेवाडी येथील कार्यालयात आर. सी. (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) घेऊन जावे आणि ही सवलत आपल्या टॅगवर नोंदवली जाते का, हे विचारावे.

पुन्हा प्रश्नकर्ते: कोयनाकाठ (कराड), १४ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. खर्चीचा मुद्दा वाचून आमच्या काही मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण काल रात्री चालकांसमोर तो मांडला तेव्हा एक ज्येष्ठ चालक म्हणाले, “हे तुम्ही आधी विचारलं असतं तर आम्ही आधीच सांगितलं असतं.” भत्ता वाढवण्यास मालकांनी संमती दिली आहे. परतीच्या फेरीसह केलेला दीडशे, अडीचशे आणि चारशेचा हिशेब मी मोठ्या अक्षरांत लिहून, गाड्या भरतात त्या शेडमध्ये लावला आहे आणि त्याखाली शून्य पावतीचा नियमही लिहिला आहे. तक्रारींचा पाठपुरावा आता चालकाने एकट्याने करायचा नाही, तो आमच्या हिशेबाबरोबर मी करीन, असेही ठरले.

आता एका अडचणीबद्दल मार्गदर्शन हवे आहे. आमच्याकडील काही पिकअप जुन्या बाजारातून घेतलेल्या आहेत आणि त्यांच्या काचेवर आधीच्या मालकाच्या नावाचा टॅग आहे. चालक त्यात पैसे भरायला तयार नाहीत आणि ते मला योग्यच वाटते. अशा वेळी काय करावे?

उत्तर: निवृत्त बँक कर्मचारी (सातारा), १४ डिसेंबर २०२५

त्या टॅगमध्ये एक रुपयाही भरू नये, कारण खाते आधीच्या मालकाचे आहे आणि शिल्लक व अनामत रक्कम त्यांनाच परत मिळते. आधीच्या मालकांना फोन करून त्यांच्या बँकेकडून तो टॅग बंद करून घ्यायला सांगावे. स्वतःचे पैसे परत मिळणार असल्यामुळे ते सहसा नकार देत नाहीत. एका वाहनाला एकच टॅग असा नियम असल्यामुळे जुना टॅग बंद झालेला असला की नवा घेताना गुंतागुंत होत नाही.

त्यासाठी आर. सी. आपल्या नावावर झालेली असावी. ती कराडच्या परिवहन कार्यालयात अडकलेली असेल तर आधी तिचा पाठपुरावा करावा. नवा टॅग घेताना आर. सी., मालकाचे ओळखपत्र आणि गाडीचा समोरून नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो जवळ ठेवावा. टॅग बसवताना काच आतून कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, जुन्या टॅगचा डिंक राहिला असेल तर तो खरवडून काढावा आणि आरशामागे काचेच्या मध्यभागी तो एकदाच दाबून चिकटवावा. एकदा काढलेला टॅग पुन्हा लावला तर तो वाचला जाईलच असे नाही. काचेवर उष्णता अडवणारी धातूमिश्रित फिल्म लावलेली असेल, तर टॅगपुरती ती कापून घ्यावी.

उत्तर: बेदाणा वाहतूक (कवठेमहांकाळ), १४ डिसेंबर २०२५

वरील माहितीला एवढीच जोड देतो की नवा टॅग लावल्यावर गाडी थेट पुण्याच्या फेरीला पाठवू नये. आमच्याकडे आम्ही दिवसाउजेडी, गर्दी नसताना, जवळच्या नाक्यावरून रिकामी गाडी एकदा नेऊन आणतो. आपल्याला तासवडे हाकेच्या अंतरावर आहे. टॅग वाचला गेला, योग्य वर्गाची रक्कम कापली गेली आणि संदेश ज्याला जायला हवा त्यालाच गेला, हे चालकाने स्वतः पाहिले की रात्री माल भरलेल्या गाडीत तो निश्चिंत बसतो. आपल्या मार्केट यार्डाच्या गाड्यांत मेथी आणि कोथिंबीर असेल, तर पहिल्या रात्रीसाठी टॅगमध्ये जास्तीची शिल्लक ठेवावी आणि मालकाने फोन चालू ठेवून जवळ ठेवावा.